फोटो न मागितल्याबद्दल

प्रिय ताई,

नाव कुठे येता कामा नये, एवढी एकच अट तुम्ही घातली होतीत. ती पाळते आहे. पण अत्याचार झालेल्या मुलांसाठीच्या आमच्या कामाला दिलेल्या देणगीबद्दल चारचौघांत आभार मानू नका, असं काही म्हणाला नव्हतात. म्हणून हे उघड पत्र.

आपला पहिला फोन झाला तेव्हा मी नेहमीची तयारी करून बसले होते. वर्षभरात किती मुलांपर्यंत पोहोचलो, एका मुलामागे खर्च किती, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुमच्याकडे समुपदेशक टिकतात किती दिवस?" मी गप्प झाले. निधी एका वर्षाचा असायचा, त्यामुळे दहाव्या महिन्यात माणूस दुसरी नोकरी शोधायला लागायचा. आणि ज्या पोराने कसाबसा एकावर विश्वास टाकलेला असायचा, त्याला पुन्हा नव्या चेहऱ्यासमोर बसवायचं. अत्याचार झालेल्या मुलाला तेच तेच परत सांगायला लावणं हीसुद्धा एक इजाच. शाळेत सांग, पोलिसांना सांग, डॉक्टरांना सांग, कोर्टात सांग. हे सांगणं कमी कसं करायचं, यातच आमचं निम्मं काम जातं.

तुम्ही समुपदेशकाचा तीन वर्षांचा पगार दिलात. चक्क पगार. आमच्या क्षेत्रात पगाराला पैसे द्यायला कुणी तयार नसतं, भिंतीवर पाटी लावता येईल अशा गोष्टींना मात्र असतात.

त्या पगारातून काय झालं, त्यातलं एकच सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एक मुलगी यायची. पहिल्या चार भेटींत तिने पेन्सिलींना टोक काढण्यापलीकडे काही केलं नाही. खोक्यातून एक पेन्सिल काढायची, टोक काढायचं, साल टेबलाच्या कडेला नीट रांगेत मांडायची. टोक मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. आमची समुपदेशक शेजारी बसून एकेक पेन्सिल पुढे करत राहिली. अहवालाच्या भाषेत या चार भेटींचं फलित शून्य. पाचव्या भेटीत मान वर न करता ती म्हणाली, "तू पुढच्या वेळी पण येणार ना?"

आमची समुपदेशक "हो" म्हणाली, आणि ते खरं होतं. आधीच्या वर्षी ते खरं ठरलं नसतं.

फोटोंचंही सांगायला हवं. पूर्वीच्या एका देणगीदाराने, नाव घेत नाही, कळवलं होतं की मुलीचा चेहरा थोडा धूसर केला तरी चालेल. आम्ही फोटो दिला नाही, आणि पुढचा हप्ता आला नाही. तुमच्या अर्जात फोटोचा रकानाच नव्हता. मी तो कागद दोनदा उलटून पाहिला होता.

बालविवाहाच्या कामात तर तुमचे पैसे कुणाला दिसणारही नाहीत अशा ठिकाणी गेले. लग्नाची बातमी बहुधा आदल्या रात्री येते, तेव्हा तिथे पोहोचायला गाडी करावी लागते. आणि लग्न थांबलं म्हणजे मोडलं असं नसतं, ते पुढे ढकललेलं असतं. पुढचे कित्येक महिने त्या घरी जात राहावं लागतं, मुलीची फी भरली गेली का ते बघावं लागतं, बापाशी इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्या लागतात. नाहीतर तेच लग्न गुपचूप उरकतं.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत हे सगळं लिहिलेलं आहे. कलम 19 हिंसेपासून संरक्षण सांगतं, कलम 24 आरोग्याला घातक रूढी नाहीशा करायला सांगतं. अमेरिका सोडली तर संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी ती मान्य केली आहे. तरीही युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख मुलींचं लग्न अठराच्या आत होतं, आणि जननांगांचं छेदन सोसलेल्या मुली-स्त्रिया 23 कोटींहून जास्त आहेत. असे आकडे ऐकले की देणारा म्हणतो, आपलं म्हणजे दर्यामें खसखस. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही रात्रीच्या गाडीचा खर्च कोणत्या रकान्यात धरायचा ते विचारलंत.

सगळं नीट झालं असंही नाही. दुसऱ्या वर्षी शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेतली, ती पार वाया गेली. पडद्यावर कायद्याची कलमं, समोर जांभया. मी तसंच अहवालात लिहिलं आणि धडधडत्या छातीने पाठवलं. तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं. पुढच्या वेळी काय बदलणार, एवढंच विचारलं होतंत. आता आम्ही दर महिन्याला तासभर जातो आणि एकाच प्रश्नावर बोलतो: मूल तुमच्यापाशी येऊन बोललं, तर पहिलं वाक्य काय म्हणाल?

नव्या वर्षाचं अंदाजपत्रक सोबत आहे. समुपदेशक तीच आहे. पेन्सिलींची खोकी दोन धरली आहेत आणि शार्पनर चार, कारण ते सारखे हरवतात.

तुमची,
पहिल्या फोनवर गप्प झालेली ती