दादाचा ग्लोव्ह पाठवतोय

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आईने सांगितला. बेसबॉलच्या शिबिराला नाव लागलं, तेही पिचर म्हणून, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी, आणि तुला दादाचा ग्लोव्ह हवा आहे. नितीनकाका उद्या रात्री स्वारगेटहून निघतोय, त्याच्याबरोबर ग्लोव्ह, वही आणि आईचे मेथीचे लाडू येतील. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. तुझं तू फोन करून सांग, त्यांना तेच आवडेल.

आधी ग्लोव्हचं. १२ इंची आहे आणि वेब (अंगठा आणि पहिल्या बोटामधली जाळी) बंद विणीची, म्हणजे आत चेंडू कसा धरलाय ते बॅटरला दिसत नाही. पिचरला अशीच वेब लागते. तुझा सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह इथे नको. त्याचं पॉकेट, चेंडू बसतो तो खळगा, १२ इंच घेराच्या चेंडूसाठी आहे. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच, तो त्यात खोल जातो आणि बाहेर काढायला उशीर होतो.

भिजला तर टॉवेलने दाबून पाणी टिप, बोटं नीट उघडून पंख्याखाली ठेव. गॅलरीत उन्हात टाकू नकोस. कातडं कडक होतं आणि आधी लेस तुटतात. खोबरेल तर अजिबात नको. ग्लोव्ह जड होतो, लेस सैल पडतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली कापडावर घेऊन पुसायची, तीही महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच. ठेवताना पॉकेटमध्ये चेंडू घालून बाहेरून पट्टी बांध. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस.

आता खरं सांगायचं ते. कोपर.

आजवर सॉफ्टबॉलला तू विंडमिल टाकत आलीस, हात खालून, ४३ फुटांवरून. आता हात वरून आणि अंतर ६० फूट ६ इंच. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, सॉफ्टबॉलपेक्षा हलका. त्यामुळे पहिल्या दिवशी हात मस्त सुटतो, वाटतं टाकतच राहावं, आणि तिथेच फसायला होतं. वरून टाकताना हात मागून पुढे येतो त्या क्षणी सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, हाडं जोडणाऱ्या पट्टीवर, येतो. खांद्यात ताकद आहे तुझ्या, पण त्या लिगामेंटला ही सवय नाही. शिवाय तिथे १० इंच उंचीचा माउंड, पिचरचा मातीचा उंचवटा, असेल. सपाट जमिनीवर सराव केलेल्याचा पुढचा पाय उतारावर अंदाजापेक्षा उशिरा टेकतो, सगळा ताल बिघडतो आणि उरलेलं काम एकटा हात करतो.

अमेरिकेत ‘पिच स्मार्ट’ म्हणून नियम घालून दिलेत. १७-१८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ पिच, म्हणजे बॅटरला टाकलेले चेंडू. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकता येतं. ३१ ते ४५ झाले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, त्यापुढे चार. हे लहानपणापासून बेसबॉल खेळणाऱ्यांसाठी. तू पहिला महिना ४५ च्या वर जाऊ नयेस असं माझं मत आहे. आणि ज्या दिवशी पिचिंग केलंस त्या दिवशी कॅचर म्हणून, बॅटरमागे चेंडू झेलायला, उभी राहू नकोस, संघात माणूस कमी असला तरी. कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावाच लागतो.

आकड्यापेक्षा अंगाकडे बघ. दमलीस की कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरतं, चेंडू हातातून लवकर सुटतो आणि उंच जायला लागतो. सलग तीन-चार उंच गेले की कोचला सांगून उतर. आतल्या बाजूला दुखलं किंवा करंगळीला नि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी थांबायचं. गोळी घेऊन मैदानात उतरायचं नाही. अंगावर काढायचं नाही, मुक्ता.

भाषण झालं, कळतंय मला. माफ कर. आई म्हणेलच की पोरगी निवडली गेली आणि हे दुखण्याचं पुराण लावून बसलेत. आनंद झालाय गं. समोरच्या जोशीकाकूंना दोनदा सांगून झालंय.

वहीबद्दल. तुझ्या मॅचेसची स्कोअरबुकं दादाने लिहिली ती सगळी एकत्र बांधलीत. वाचता येतीलच तुला: १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड, ५ थर्ड, ६ शॉर्टस्टॉप, मग ७, ८, ९ आउटफिल्ड. ६-४-३ दिसलं की डबल प्ले, एका चेंडूवर दोघी बाद. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाली की, इंग्रजी के. बॅटर नुसती बघत राहिली आणि तिसरा स्ट्राइक पडला तर उलटा के, आणि तुझे उलटे के त्याने लाल पेनाने चौकटीबाहेर जातील एवढे मोठे काढलेत. समासातल्या बारीक उभ्या रेघा म्हणजे तुझे पिच, पाचाचा एक गठ्ठा. सॉफ्टबॉलमध्ये एवढं कुणी मोजत नाही, तो मोजायचा. हे काय परदेशी खूळ म्हणून आप्पा चिडवायचे, तेव्हा तो सांगायचा की स्कोअरची ही पद्धत रूढ करणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. मग आप्पा गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्याचे पिच मोजणारा मुलगा. स्वतःचा ताप मात्र त्याने मोजू दिला नाही.

अमेरिकन पिचर टॉमी जॉनचं तर तुम्हा दोघांना पाठच होतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या डाव्या कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी उजव्या हातातला स्नायुबंध बसवला, १९७६ ला तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. पण ऑपरेशन होतं म्हणून बिनधास्त राहायचं नसतं. परतायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि सगळेच परतत नाहीत. बघ, पुन्हा तिथेच आलो.

कर्व्हची, वळणाऱ्या चेंडूची, घाई नको. आधी फोर-सीम, सरळ वेगवान चेंडू: पहिली दोन बोटं शिवणीच्या नालासारख्या वळणावर आडवी, अंगठा खाली, चेंडू आणि तळहात यांच्यात फट. मग चेंजअप, फसवा हळू चेंडू: तोच चेंडू तळहातात खोल धरायचा आणि हात मात्र तितक्याच वेगाने आणायचा. वेग पकडीमुळे कमी होतो; हात हळू आणलास तर बॅटर ओळखते. या दोनांवर तुझं वर्ष निघेल. दादाचा चेंजअप तुझ्याहून चांगला होता, पण त्याचा फोर-सीम बाहेर जायचा. तुझा जात नाही. हे मी त्यालाही सांगितलं होतं.

टाकून गरम होऊ नकोस, गरम होऊन टाक. आधी पळ, मग सायकलच्या जुन्या ट्यूबने खांद्याचे व्यायाम, मग ३० फुटांवरून सुरुवात करून ६०, ९० असं लांब जा आणि शेवटी माउंडवर. पाऊस असेल तर भिजलेला चेंडू टाकू नकोस. आतली लोकर पाणी पिते, चेंडू जड होतो.

रोज रात्री किती पिच टाकले आणि कोपर कसं आहे, एवढं कळव. नुसतं ‘ठीक’ चालणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. ग्लोव्हच्या अंगठ्याकडची लेस विरली आहे. ३/१६ इंच रुंदीची ७२ इंची कातडी लेस सोबत ठेवलीय. आधी फोटो काढून ठेव, एका वेळी एकच लेस सोड, सगळ्या सोडल्यास तर ग्लोव्हचा आकार जातो. टोक तिरकं कापून वाकवलेल्या तारेने ओढ, प्रत्येक भोकाला ताण दे. करंगळीकडची गाठ दादाने मारलेली आहे, ती पक्की आहे, तिला हात लावायची गरज नाही.