तुझी गाडी मी उघडली

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून लिहितोय. तुझ्या रिमोटवरच्या गाडीची मोटार जळाली. मी जाळली. आता पुढचं सगळं वाच आणि मग काय ओरडायचं ते ओरड.

रेनकोट शोधायला तुझं कपाट उघडलं तर हाताला गाडीची दोन सेलची लिपो बॅटरी लागली, पुरीसारखी टम्म फुगलेली. जाताना पूर्ण 8.4 व्होल्टला चार्ज करून तशीच ठेवलीस ना? ठेवून द्यायची तर एका सेलला 3.8 च्या आसपास, हे तूच मला शिकवलेलं. सध्या ती गच्चीवर पत्र्याखाली, वाळू भरलेल्या खानापूरच्या मडक्यात आहे. मडकं आईने पाण्यासाठी आणलं होतं, त्यावर वेगळं भांडण झालं.

मग गाडी खाली काढली. मागचं चाक धरून हलवलं तर लटलट. उघडून बघतो तर चाकाचा दांडा ज्यांत फिरतो ते किटमधले प्लास्टिकचे बुश घासून लांबट झालेले. 5 मिलिमीटरचा दांडा आणि भोक व्हर्नियरवर 5.3! गच्चीवर, मैदानात, आपल्या तांबड्या मातीत गाडी पळवल्यावर दुसरं काय होणार? ती धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. त्यांच्या जागी घालायला बाजारात बेअरिंगवाल्याकडे 5 बाय 11 बाय 4 मिलिमीटरचं बेअरिंग मागितलं, तर तो म्हणाला, "काका, हे घड्याळात बसवताय काय?" शेवटी पार्सलने मागवले. बसवून चाकाला बोटाने टिचकी मारली तर चहा गाळून होईपर्यंत फिरत राहिलं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण तुझ्याच डब्यात 25 दातांचा पिनियन, म्हणजे मोटारीवरचं छोटं चक्र, दिसला. बसवलेला होता 22 चा. तो ज्याला फिरवतो ते मोठं चक्र 70 दातांचं आणि पुढे आतल्या गिअरचा 2.6 पटीचा हिशेब. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटारीला 8.27 फेरे मारावे लागायचे, ते 7.28 वर येणार. वेग साधारण 14 टक्क्यांनी वाढणार. दातांत बारीक फट राहावी म्हणून दोन चक्रांमध्ये 'तरुण भारत'च्या कागदाची पट्टी घालून मोटार सरकवली, स्क्रू आवळले, पट्टी ओढून काढली. न फाटता, नीट चुण्या पडून आली. इतकं समाधान कारखान्यात महिन्यातून एखाद्या जॉबला मिळतं.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात नेली. गवत ओलं, चाकं रुतत होती, आणि मी आपला बटण दाबून धरलेला. दुसरी बॅटरीही लगेच लावली. मोटारीला हात लावून बघायचं सुचलंच नाही. सायकलवर चढाला जड गिअर टाकून उभं राहून पायडल मारल्यासारखी तिची गत झाली होती. वार्निशचा वास आला तेव्हा कळलं, कारण तो वास मी ओळखतो. 540 मापाची मोटार ती, आत वेटोळ्यांना वीज देणारा कॉम्युटेटर कोळशासारखा काळा. उद्यमबागेत पोरांना रोज सांगतो की हिशेब केल्याशिवाय गिअर बदलायचा नाही. काय तर करायला गेलो आणि काय तर झालं.

घरी येऊन तुझी वही काढली. त्यात तू लिहून ठेवलंय, "25 फक्त डांबरी रस्त्यावर. गवतावर 20." आई म्हणाली, "तिच्या वस्तूला हात लावू नका म्हटलं होतं की." मी काही बोललो नाही.

आणखी एक. बारावीच्या सुट्टीत तू चाकांसाठी अॅल्युमिनियमचे हेक्स, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते षटकोनी तुकडे, मागितले होतेस, 12 मिलिमीटरचे, मूळ मापापेक्षा 3 मिलिमीटर जाड, म्हणजे चाकं बाहेर येऊन गाडी वळणावर उलटायची नाही. मी सेकंड शिफ्टचं कारण सांगितलं. शिफ्ट खरी होती, पण तासाभराचं काम होतं ग ते. या शनिवारी केले. भंगारातली कांडी घेतली, चौघांत दोन शतांशाचाही फरक नाही. बसवले नाहीत, डब्यात ठेवलेत. ते तूच बसव.

नवी मोटार मी घेऊन ठेवतो, किती टर्नची, म्हणजे तारेच्या किती वेढ्यांची, ते कळव. 20 दातांचा पिनियन तिकडे बेंगळुरात मिळत असेल तर दोन आण. दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला करणार आहेत आणि त्यांना तुझी गाडी बुरुजापर्यंत चढवायची आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

रिमोटमधले सेल मात्र माझ्याकडे मागू नकोस, ते आईने भिंतीवरच्या घड्याळाला घातलेत.

तुझा,
पप्पा