मला बाहेर बसवलंत, त्याबद्दल

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही बहुतेक. तुमच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर रोज कुठली ना कुठली आई बसलेली असणार, आणि तिचा चेहरा माझ्यासारखाच आंबलेला असणार. खूण सांगायची तर, "मी तिची आई आहे, मीपण आत येणार" असं जी दोनदा म्हणाली, ती मी. तुम्ही दोन्ही वेळा एकच उत्तर दिलंत, "आधी ती. तुमची गरज लागली तर हाक मारते." आणि दार लावून घेतलंत.

त्या दाराबद्दल आभार मानायचे आहेत. उशीर झाला खरा. पहिले दोन-तीन महिने मला तुमचा रागच होता, मग काय लिहिणार?

आधीची हकीकत तुम्हाला ठाऊक नाही. एका संध्याकाळी आम्ही मायलेकी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. अशाच एका फेरीत ती म्हणाली, "आई, मला गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्यात. डॉक्टरांकडे जाणारे. तू येशील का?"

माझ्या हातातली टोकं सुटली.

मुलगी २० वर्षांची. तिनं "जाऊ का" विचारलं नव्हतं, "येशील का" विचारलं होतं. एवढा मोठा फरक, पण मला तेव्हा तो ऐकूच आला नाही. मी आपली मला सोसेल असं कारण शोधायला लागले. "पाळीत फार दुखतं, त्यासाठी ना?" तिचं दुखणं खोटं नव्हतं. दर महिन्याचा एक दिवस ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून काढायची.

"त्यासाठीही," ती म्हणाली. त्या 'ही'वर तिनं अगदी सावकाश जोर दिला.

पुढे मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण तुमच्या कानांना सवय असेल. कोण आहे तो, किती दिवस चाललंय, एवढी काय घाई आहे. मग या गोळ्या वाईट असतात, वजन वाढतं, पुढे मूल होत नाही. एका दमात सगळं. तिनं चादर एकटीनंच कशीबशी गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. नंतरचे चार दिवस आमच्या घरात "जेवलीस का" आणि "दिवा बंद कर" एवढीच भाषा होती. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, येते. मन बदललं होतं असं समजू नका. तुम्ही नाहीतर डॉक्टरबाई माझ्या बाजूनं चार शब्द सुनवाल, या आशेवर आले होते.

आणि तुम्ही मला बाहेर बसवलंत.

बाहेर बसून मी काय केलं? कान दिला. काही ऐकू आलं नाही. एकदा मात्र तिचं हसणं ऐकू आलं, आणि माझ्या पोटात जे झालं त्याला मत्सर म्हणतात हे कबूल करायला हरकत नाही. चार दिवस माझ्याकडे न बघणारी मुलगी एका परक्या बाईपाशी हसत होती. तुम्ही आत काय विचारलंत ते तिनं मला खूप नंतर सांगितलं. सिगारेट ओढतेस का. डोकं दुखतं का, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा लखलखाट दिसतो का. फिटचं किंवा क्षयाचं औषध चालू आहे का. मला हे सगळं इकडचं तिकडचं वाटलं होतं. डोळ्यांपुढे लखलखाट होऊन उठणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन या हार्मोनची गोळी दिली तर मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो, आणि फिटची काही औषधं व क्षयावरचं रिफाम्पिसिन गोळीचा परिणाम कमी करतात, हे मला या वयात कळलं. बीपीचा पट्टाही तुम्ही त्याचसाठी बांधला होता. मला वाटलं होतं, तपासणीचा देखावा.

मग दार उघडलं. ती हातात कागद घेऊन बाहेर आली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून तिनं मला प्रश्न विचारला. "आई, तुला किंवा बाबांना कधी रक्ताची गुठळी झाली होती का? पायात, छातीत, कुठेही?"

मी म्हटलं, "नाही गं."

ती वळली. दारापर्यंत गेली असेल नसेल, आणि मी म्हटलं, "थांब."

आमच्या घरात एक गोष्ट आहे. ती जन्मली तेव्हा माझा डावा पाय भोपळ्याएवढा सुजला होता. तिच्या दर वाढदिवसाला ही गोष्ट निघते, सगळे हसतात, ती म्हणते सॉरी हं आई. गोष्टीत फक्त सूज आहे. पोटरी गरम आणि लाल झाली होती, पाय टेकवत नव्हता, बाराव्या दिवशी मला परत दाखल केलं, पोटात इंजेक्शनं दिली आणि पुढे काही महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, हा भाग गोष्टीतून कधी गळाला ते आम्हाला कुणाला कळलं नाही. हसण्यासारखा नव्हता म्हणून गळाला असेल. आत तुम्ही घरच्यांबद्दल विचारलंत तेव्हा ती बिचारी काय सांगणार? तिच्या लेखी आईचा पाय सुजला होता, बस.

याच्याही पुढची गंमत ऐका. तेव्हा मला घरी सोडताना बजावलं होतं, "तुम्हाला या गोळ्या पुढे कधीच चालणार नाहीत." म्हणून तर मी नंतर तांबी बसवून घेतली. पण २० वर्षांत त्या वाक्यातलं 'तुम्हाला' माझ्या डोक्यातून झिजून गेलं आणि 'चालणार नाहीत' तेवढं उरलं. गोळ्या वाईट, हे मी लेकीला ठणकावून सांगितलं ते एवढ्या भांडवलावर. मला त्या का चालणार नव्हत्या, हे सांगितलं असतं तर ते तिच्या कामाचं होतं. ते एकच मी सांगितलं नाही.

तुम्ही मला आत घेतलंत. त्याआधी तुम्ही तिला हळूच विचारलंत, "आईला बोलावू का? आणि बाकीचं तुझ्या-माझ्यातच राहू दे ना?" हेही नंतर कळलं. मला तुम्ही मोजून तीन प्रश्न विचारलेत. कुठला पाय, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी, तेव्हा वय काय. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी, वय २७. तुम्ही लिहून घेतलंत आणि म्हणालात, "बरं झालं सांगितलंत. यानं गोळी बदलते." त्या मुलाबद्दल एक शब्द नाही, माझ्या संस्कारांबद्दल एक शब्द नाही. मी वाद घालायची तयारी करून आले होते, आणि समोर वादाला कुणी नव्हतंच.

मग तुम्ही समजावलंत, आणि ते माझ्या अजून लक्षात आहे कारण तुम्ही पेन घेऊन आकडे लिहिलेत. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. इस्ट्रोजेन असलेली गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांच्या हिशोबानं ४० ते ६५. शेवटच्या आकड्याखाली तुम्ही रेघ मारलीत आणि माझ्याकडे बघितलंत. ज्या गोळ्यांना मी इतकी वर्षं घाबरले त्यांच्यापेक्षा माझं बाळंतपण जास्त धोक्याचं होतं, हे मला कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. बहुतेक मुलींना नेहमीची दोन हार्मोनांची गोळी चालते, पण आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला पंचेचाळिशीच्या आत गुठळी झाली असेल तर आधी दुसरा पर्याय बघतात, असं तुम्ही म्हणालात. डॉक्टरबाईंनी तेच केलं आणि तिला नुसत्या प्रोजेस्टिनची, इस्ट्रोजेन नसलेली गोळी लिहून दिली. डेसोजेस्ट्रेल, २८ गोळ्यांचं पाकीट, मध्ये सुट्टी नाही, रोज ठरल्या वेळी.

माझ्या बाकीच्या दोन तोफाही तुम्ही तिथेच थंड केल्यात. वजन? गोळ्यांनी वजन फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, गर्भनिरोधक इंजेक्शनानं काहींचं वाढतं. मूल? गोळी थांबवली की पाळीचं चक्र लवकर रुळावर येतं, इंजेक्शन थांबवल्यावर मात्र बरेच महिने लागू शकतात. हे तुम्ही लपवलं नाहीत म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला. आणि आमची भीती कुठून आली तेही तुम्ही सांगितलंत. १९६० साली अमेरिकेत ज्या पहिल्या गोळीला मान्यता मिळाली तिच्यात इस्ट्रोजेनच्या जातीचं औषध १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असतं.

कंडोमचं पाकीट तुम्ही टेबलावर ठेवलंत तेव्हा मी भिंतीकडे बघत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असणार. गोळीनं दिवस राहत नाहीत, पण संसर्ग अडत नाही, म्हणून दोन्ही वापरायचं, असं तुम्ही तिला सांगत होतात. आवाज माझ्यापर्यंत पोचेल इतका मोठा ठेवला होतात. मुद्दाम का?

घरी जाऊन मी जुनी फाईल काढली. घड्यांवर फाटलेला एक कागद, शाई उडालेली, पण 'डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, डावा पाय', म्हणजे खोल शिरेत रक्ताची गुठळी, हे वाचता येत होतं. इतकी वर्षं कपाटात होता. मी त्याला "तो सुजेचा कागद" म्हणायचे.

पुढचं थोडक्यात. पहिले तीन महिने तिला मधूनमधून डाग दिसायचे. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणून ती घाबरली नाही. मी घाबरले, पण गप्प बसले. रात्री नऊला तिच्या फोनवर गजर वाजतो, ती उठते, पाणी पिते, परत येते. आम्ही त्यावर बोलत नाही. एकदा सकाळी अकराला ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "कालची राहिली." नऊ ते अकरा, म्हणजे चौदा तास. या गोळीला उशिराची बारा तासांची मुभा असते, ती संपलेली. माझ्या जिभेवर "मी सांगितलं होतं" आलं होतं. खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं, पण ते वाक्य माझ्या जिभेवर राहतंच. ते गिळून मी विचारलं, "पाकिटातल्या कागदावर काय लिहिलंय?" दोघींनी मिळून तो पसरला. एवढ्या बारीक अक्षरात का छापतात कोण जाणे, मी चष्मा लावूनसुद्धा तिलाच वाचायला लावलं. लक्षात आलेली गोळी लगेच घ्यायची, पुढची ठरल्या वेळी, आणि तिथे दिलेले दिवस कंडोमची जोड. तिनं ते तारखेसकट फोनमध्ये टाकलं. हे सगळं होत असताना आमच्यामध्ये पोळपाट-लाटणं पडलं होतं आणि तवा तापून धूर सुटला होता.

त्या मुलाचं नाव तिनं मला पुढे आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणूनच सांगितलं असेल, किंवा त्या दिवशी ती खुशीत असेल. मी फार खोलात गेले नाही. मी तिला माझ्या तांबीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "ईऽ आई," आणि मग अर्धा तास प्रश्न विचारत बसली. माझ्या आईशी माझं असं बोलणं पाळीच्या कपड्यांपलीकडे कधी गेलं नाही, तेव्हा उत्तरं देताना मी पुष्कळदा अडखळले.

परवा मी माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिला दोन मुली आहेत. म्हटलं, तुझ्या मुलींना डॉक्टर कधी विचारतील तर मावशीला गुठळी झाली होती असं सांगायला सांग. ती म्हणाली, "तुला? कधी? तुझा तर पाय सुजला होता." मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तुम्ही पुढच्या वेळी यायला सांगितलंत तेव्हा मी बरोबर आले होते, तुम्ही सुट्टीवर होतात. बाहेरच्या खुर्चीवर मी आपणहून बसले. तो फाटका कागद आता लेकीच्या फायलीत आहे. माझ्याकडे झेरॉक्स ठेवली आहे.

आपली,
बाहेरच्या खुर्चीवरची एक आई