ऑसिलेटरची मागणी करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या सरकारी इस्पितळांत काय हवे, अशी चर्चा निघाली की हल्ली ‘हाय-फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर’ म्हणजे अतिजलद कंपनांनी श्वास चालवणारा व्हेंटिलेटर तालुक्यातालुक्यांत हवा, असा सूर ऐकू येतो. त्यामागची कळकळ खरी आहे, पण मागणी चुकीच्या जागी होते आहे असे मला वाटते.

साधा व्हेंटिलेटर नवजात बाळाला मिनिटाला ४० ते ६० श्वास देतो. ऑसिलेटर १० हर्ट्झवर लावला की मिनिटाला ६०० कंपने होतात आणि दर कंपनात वजनाच्या किलोमागे जेमतेम २ मिलिलिटर हवा हलते. फुप्फुस ठरावीक दाबाने सतत उघडे धरायचे आणि आतली हवा हलवत राहायची, म्हणजे नाजूक फुप्फुस दर श्वासाला ताणले जात नाही. बाळाची छाती वर-खाली होत नाही, ती बेंबीपर्यंत थरथरते. काचेबाहेरच्या आजीला ते झटके वाटतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. परिचारिकेला मात्र हीच थरथर सगळे सांगते. एकाएकी मंदावली तर बाळाच्या श्वासनळीत घातलेल्या नळीत कफ अडकला किंवा नळी दुमडली. एकाच बाजूची थांबली तर नळी श्वासनळीच्या उजव्या शाखेत उतरली, नाहीतर फुप्फुसाबाहेर हवा साठली.

सुरुवातीचा सरासरी दाब आधीच्या व्हेंटिलेटरपेक्षा साधारण २ सेंटिमीटर (पाण्याच्या स्तंभाच्या मापात) जास्त ठेवतात आणि बाळाला द्याव्या लागणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास खाली येईपर्यंत १-२ सेंटिमीटरने वाढवत नेतात. एक्स-रेत पाठीकडच्या ८-९ बरगड्या मोकळ्या दिसल्या की थांबायचे. त्यापुढे गेले तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब घसरतो.

नवखा हात चुकतो तो कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत. साध्या व्हेंटिलेटरवर श्वास वाढवले की तो जास्त बाहेर पडतो, इथे फ्रिक्वेन्सी, म्हणजे कंपनांचा वेग, कमी केली की जास्त पडतो. तोही इतक्या झपाट्याने की रक्तातली पातळी फार खाली गेली तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर अर्ध्या तासात रक्तातील वायूंची तपासणी हवी, त्वचेवरून सतत मोजणारा मॉनिटर असला तर फारच उत्तम. रात्री दोन वाजता ही तपासणी होत नसेल, तिथे हे यंत्र सुरू करू नये. कफ काढायलाही बंद पद्धतीचे सक्शनच हवे, कारण नळी क्षणभर सोडवली तरी मेहनतीने उघडलेले फुप्फुस पुन्हा मिटते.

मोठ्या माणसांसाठीही नातेवाईक याचा आग्रह धरतात. त्यांना २०१३ सालचे निष्कर्ष ठाऊक असायला हवेत. फुप्फुस तीव्र निकामी झालेल्या प्रौढांवरच्या ‘ऑसिलेट’ चाचणीत ऑसिलेटरच्या गटात ४७ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ३५ टक्के रुग्ण इस्पितळात दगावले, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. ब्रिटनमधल्या ‘ऑस्कर’ चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने प्रौढांत सरसकट वापर नको, असे स्पष्ट सांगितले. त्याच २०१३मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात रुग्णाला सलग किमान १६ तास पालथे झोपवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. त्याला लागतात चार-पाच तयार माणसे आणि नळी सांभाळणारा एक जागरूक हात. नातेवाइकांनी विचारावे ते हे: पालथे झोपवले का?

गोवा लहान आहे, ही आपली सोय आहे. ऑसिलेटर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या एकाच ठिकाणी असावेत, म्हणजे बाळे पुरेशी येतील आणि हात सरावाचे राहतील. म्हापसा, मडगाव, फोंड्याला पैसा घालायचा तो सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र), गरम व दमट हवा देणारे ह्युमिडिफायर, सर्फॅक्टंट (फुप्फुस मिटू न देणारे औषध) आणि बाळ उबदार ठेवणाऱ्या रुग्णवाहिकेत. सगळ्यात सुरक्षित रुग्णवाहिका म्हणजे आईचे पोट. काणकोणात किंवा पेडण्यात २८व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि प्रसूती लगेच होण्याची चिन्हे नसतील, तर आईलाच बांबोळीला हलवावे. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२-१२ तासांनी द्यायचे असतात. त्यातला पहिला, गाडी हलण्यापूर्वी, तिथल्या आरोग्य केंद्रातच टोचला गेला पाहिजे.

आपला,
एक नवजात शिशुतज्ज्ञ, फोंडा