‘अदर्स’ नावाचा ठेकेदार: सरांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण यात ठेकेदारांमध्ये कामं वाटून देताना झालेली माझी जी चूक आहे ती कुठे ना कुठे रोज होत असते, म्हणून चारचौघांत लिहितेय.

सीलिंगमधून पाणी टपकलं तो दिवस तुम्ही विसरला नसालच. तिसऱ्या मजल्यावर एसीची चाचणी सुरू झाली आणि दुपारपर्यंत कॉरिडॉरच्या नव्याकोऱ्या जिप्सम सीलिंगला पोट सुटलं. बोर्ड उतरवला तर आत एसीवाल्यांचा ड्रेन पाइप टॉयलेटच्या भिंतीपर्यंत आलेला, छान उतार दिलेला, इन्सुलेशन केलेला आणि तिथेच संपलेला. तोंड उघडं. भिंतीपलीकडे प्लंबरने ठेवलेलं तोंड, त्याला टोपी घट्ट बसवलेली. मध्ये जेमतेम दीड मीटर. दोन्ही ठेकेदार आपापली वर्क ऑर्डर घेऊन हजर झाले. एसीच्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, ‘ड्रेनची अंतिम जोडणी बाय अदर्स’, म्हणजे ती दुसरं कोणीतरी करेल. प्लंबिंगच्या ऑर्डरमध्येही अगदी तेच. दोन्ही मीच टाइप केलेल्या.

तुम्ही आवाजही चढवला नाहीत. म्हणालात, “हा अदर्स आज कामावर आलाय का, गेटच्या रजिस्टरमध्ये बघून ये.” सर, मी खरंच गेटच्या दिशेने दोन पावलं टाकली होती.

संध्याकाळी एका रद्द झालेल्या ड्रॉइंगची मागची कोरी बाजू टेबलावर पसरून तुम्ही लाल पेन्सिलीने चार रकाने आखलेत: माल कोण देणार, बसवणार कोण, जोडणार कोण, चाचणी घेऊन सही कोण करणार. मग म्हणालात, “आता यात एक फायर डॅम्पर भर.” म्हणजे आग लागली की एसीच्या हवेचा डक्ट बंद करणारं झाकण. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. डॅम्पर एसीवाल्याचा, त्याच्या मोटरची वीज इलेक्ट्रिकलची, तो बंद करणारा सिग्नल फायर अलार्मवाल्याचा, भिंतीतलं भोक सिव्हिलचं. आणि डक्ट बसल्यावर भोवती उरलेली फट आग रोखणाऱ्या सीलंटने कोण भरणार? तिथे माझी पेन्सिल थांबली. चार ठेकेदार असूनही ती फट बेवारसच होती. अशी बेवारस कामं शोधायची नजर मला त्या रात्री मिळाली. पुढे मग ती सगळीकडे दिसायला लागली: लिफ्टच्या मशीन रूममधला हुक, पंपाखालचा चौथरा, सीलिंगमधली झडप, आणि सगळ्यांचा नावडता विषय, डेब्रिज.

तुमचा दुसरा धडा शब्दांचा. ‘इलेक्ट्रिकल काम संपूर्ण, सर्व अनुषंगिक बाबींसह’ असं लिहिलं की मला फार भक्कम वाटायचं. तुम्ही ते खोडून ‘एसी युनिटजवळच्या आयसोलेटरपर्यंत, आयसोलेटर धरून, त्यापुढची केबल एसी ठेकेदाराची’ असं लिहायला लावलंत. आयसोलेटर म्हणजे वीज तोडायचा स्विच. काम कशाचं आहे हे सगळेच लिहितात, ते कुठल्या नटबोल्टपाशी संपतं हे लिही, असं तुमचं म्हणणं. आणि ‘वगळलेली कामं’ या यादीत प्रत्येक ओळीसमोर ती कोणाकडे गेली ते नाव हवंच. नाव नसेल तर ऑर्डर सहीला येणार नाही. तीन वेळा परत पाठवलीत माझी ऑर्डर. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू!

स्पेसिफिकेशनची, म्हणजे माल आणि काम कसं हवं ते सांगणाऱ्या दस्तऐवजाची, प्रकरणं पाडली की कामाची वाटणी आपोआप होते, हा माझा आणखी एक गोड समज. मास्टरफॉरमॅट या स्पेसिफिकेशन लावायच्या अमेरिकी पद्धतीचे 16 विभाग 2004 साली वाढून 50 झाले, तरी ती माहिती लावून ठेवायची मांडणी आहे. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या (एआयए) ए201 या बांधकाम कराराच्या सर्वसाधारण अटींमध्ये तर साफ लिहिलंय की प्रकरणांच्या मांडणीवरून उपठेकेदारांमधली वाटणी ठरत नाही. हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी नुकतीच सगळी फाइल प्रकरणवार लावून खूश होते.

सगळ्यात जास्त कामी आली ती तुमची बैठक. ऑर्डर देण्याआधी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा स्कोप, म्हणजे त्याच्या वाट्याच्या कामांची यादी, मोठ्याने वाचायचा. स्वतःचा वाचताना माणूस घाईत असतो, दुसऱ्याचा वाचताना कान टवकारतो. अशाच एका बैठकीत प्लंबरने मध्येच थांबवलं: “स्लॅबमधल्या स्लीव्ह मी ठेवणार, मग शेजाऱ्याच्या दरात त्या कशा?” स्लीव्ह म्हणजे पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवलेली नळी. दोघांनीही धरल्या होत्या. आणि बाथरूममध्ये पाणी भरून गळती तपासायची, तर तेवढे दिवस टाइल्सवाला थांबणार हे मात्र कोणीच धरलं नव्हतं. स्लीव्ह राहिली तर पुढे कोअर कटिंग, म्हणजे तयार स्लॅबला यंत्राने भोक पाडणं, आलं, आणि कटरखाली सळई आली की स्ट्रक्चरवाल्यांचा फोन येतो.

त्या चार रकान्यांचा तक्ता केला म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. आर्किटेक्टने ऐनवेळी पॅंट्रीची जागा बदलली की अर्ध्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी जुनी प्रत घेऊन काम करत असतो. भांडणंही होतात. फक्त ती आता ऑर्डरआधी होतात, तेव्हा सीलिंग फोडावं लागत नाही.

तो लाल पेन्सिलीचा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. आता माझ्या तक्त्यात एकशे चाळीसच्या वर ओळी आहेत. एका ओळीवर मात्र अजून आपलं जमत नाही: इलेक्ट्रिकल पॅनेलच्या बेस फ्रेमखालचं ग्राउटिंग, म्हणजे खालची फट सिमेंटच्या मिश्रणाने भरणं. तुम्ही म्हणायचात, ज्याची फ्रेम त्याचं ग्राउट. मी यावेळी ते सिव्हिलकडे टाकलंय. खोलीत मिक्सर, पाणी आणि मिस्त्री त्यांचेच असतात. बोलणी खायची तयारी आहे, फोन करा.

तुमची,
एके काळची ज्युनिअर इंजिनिअर