रोजच्या विक्रीचा दिवस भारतीय वेळेनेच मोजा

महोदय,

कराडमधल्या एका दूध डेअरीचा हिशेब मी गेली अकरा वर्षे लिहिते. आमचे दुकान पहाटे साडेचारला उघडते. चहाच्या टपऱ्या आणि खानावळी यांचे दूध उजाडायच्या आतच जाते.

बिलिंगचे सॉफ्टवेअर घेतल्यापासून गल्ला आणि संगणकातली 'दिवसाची विक्री' यांचा मेळ बसेना. एरवी फरक थोडा असे, सणाला मोठा. २०२५ च्या दसऱ्याला आदल्या दिवशीची, १ ऑक्टोबरची रोकड बरीच कमी भरली आणि दसऱ्याला जादा निघाली. "घेतले होते, ते परत ठेवले," असा अर्थ काढून मालकांनी गल्ल्यावरच्या पोराला धारेवर धरले. त्याआधी दोनदा त्याचा पगार कापला होता.

मला ते पटेना. सॉफ्टवेअरमधल्या मूळ नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेतल्या आणि छापील बिले शेजारी घेऊन बसले. दसऱ्याला पहाटे ५.१२ ला फाडलेल्या बिलासमोर नोंद होती १ ऑक्टोबर, २३.४२. बरोबर साडेपाच तास मागे! प्रत्येक बिलाची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली होती. तशी साठवण्यात चूक नाही. पण वेळ आधी भारतीय करून मग तारीख काढायला हवी होती, ते केलेच नव्हते. त्यामुळे आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होत होता आणि त्याआधीचा सगळा धंदा आदल्या तारखेला जात होता.

एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १. म्हणून प्रत्येक वेळेत ५.५/२४ मिळवले, 'इंट' सूत्राने तारीख वेगळी केली आणि पिव्होट टेबल लावून तारखेवार बेरीज काढली. बिलांशी रुपयाला रुपया जुळला. पोराचे पैसे परत मिळाले, पण तोवर तो दुसरीकडे कामाला लागला होता.

हाच घोळ १ एप्रिलच्या पहाटेची विक्री मागच्या आर्थिक वर्षात ढकलतो, हे तर आणखी गंभीर. सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला, तर "डेटा बरोबर आहे" एवढेच उत्तर मिळाले. डेटा बरोबरच आहे, मोजणी चुकते आहे!

अशा कंपन्यांनी प्रत्येक अहवालाच्या डोक्यावर दिवस किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत धरला, ते छापावे. आणि पहाटे किंवा मध्यरात्रीनंतर दुकान चालवणाऱ्यांनी कामगाराला जाब विचारण्याआधी पहाटेचे पहिले बिल कोणत्या तारखेत पडले आहे, ते पाहावे.

– एक हिशेबनीस, कराड