मॉडेल विमानांची स्वस्त इंजिने: घाई फिनिशिंगची, भुर्दंड मुलांना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे व साचे बनवण्याच्या विभागात, हयात गेल्यामुळे सातपूर परिसरातील मॉडेल विमाने उडवणारी मुले सुट्टीत आपली बिघडलेली इंजिने माझ्याकडे घेऊन येतात. यंदा एका शाळकरी मुलाने आणलेले दीड सीसीचे नवेकोरे स्वस्त डिझेल इंजिन मी उघडले, आणि त्यात जे आढळले ते पालकांना कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नाव डिझेल असले तरी या इंजिनात पंपावरचे डिझेल चालत नाही. त्यात दाबाने इंधन फवारणारे नोझल नसते की ठिणगी पाडणारा प्लग नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समप्रमाणात मिसळलेले इंधन निव्वळ दाबाने पेटते आणि तो दाब जुळवण्यासाठी सिलिंडरच्या माथ्याशी स्क्रूने सरकणारा कॉन्ट्रा पिस्टन असतो. मुख्य पिस्टनला बहुधा रिंगही नसल्याने सगळी मदार लॅपिंगवर, म्हणजे बारीक घासून पिस्टन सिलिंडरमध्ये किती चपखल बसवला आहे यावर असते.

या इंजिनाचा मागचा झाकणभाग काढून मी ते रॉकेलने धुतले आणि रॉकेल पांढऱ्या फडक्यावर ओतले, तर फडक्यावर धातूचा कीस चमकू लागला. पिस्टनवर तेलाचे दोन थेंब सोडून पंखा फिरवला, तरी दाब न धरता फुसकन हवा निसटत होती. उलट कॉन्ट्रा पिस्टन मात्र इतका घट्ट, की स्क्रू सैल केला तरी तो वर सरकेना. अशा इंजिनात इंधन जास्त साचले आणि जोर लावून पंखा फिरवला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पंखा बोटाने फिरवूनच ही इंजिने सुरू करतात; तो मुलगा तर्जनीला पट्टी बांधून आला होता आणि आपल्यालाच इंजिन सुरू करता येत नाही, अशी त्याची समजूत झाली होती.

प्रत्येक वेळी दोष इंजिनाचाच असतो असे नाही. बाटलीचे बूच उघडे राहिले तर ईथर उडून जाते आणि उत्तम इंजिनही रुसते. पण ज्या शहरात मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्यात डिझेल इंजिनांच्या नोझलची मापे मायक्रॉनमध्ये घेतली जातात आणि ओझरला लढाऊ विमाने जुळवली जातात, तिथल्या मुलांच्या हाती कीससुद्धा न धुतलेले इंजिन यावे, याचे वाईट वाटते. स्वस्तात भारी धातू मिळावा अशी अपेक्षा नाही, परंतु जोडणीआधी भाग धुणे, पिस्टन आपल्याच सिलिंडरशी जुळवणे आणि विक्रीपूर्वी इंजिन एकदा चालवून तशी चिठ्ठी डब्यात ठेवणे, एवढे उत्पादकांनी करायलाच हवे. पालकांनीही चिठ्ठी नसेल तर दुकानातच इंजिन चालवून दाखवायला सांगावे.

कॉन्ट्रा पिस्टन मी लॅपिंग करून मोकळा केला, पण सैल पिस्टनवर माझ्याकडे इलाज नाही. मुलाचे वडील इंजिन बदलून मागायला गेले, तेव्हा वापरलेले इंजिन परत घेत नाही, असे दुकानदाराने सांगितले. ते आजवर एकदाही सुरू झालेले नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
सातपूर, नाशिक